धन शोधायचं तर जोडीनं आणि दिवसाउजेडी

आपल्या भागात हंड्याची गोष्ट नसलेलं गाव सहसा सापडणार नाही. कुठं तो गढीच्या बुरुजाखाली असतो, कुठं पडक्या बारवेच्या कोनाड्यात, कुठं मारुतीच्या पारामागं. त्याच्यावर नाग बसलेला असतो, अमावस्येच्या रात्री तो जागा बदलतो आणि दिसतो फक्त पायाळू माणसाला. लहानपणी गोधडीत पडून आजीकडून या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या. ऐकायला गोड होत्या. पण मोठेपणी याच गोष्टीपायी कुणाची जमीन गेली, कुणाचं घर गेलं, कुणाचा जीव गेला.

आज त्या धनाबद्दलच लिहितो आहे, पण जरा उलट्या बाजूनं. नवरा-बायकोनं सवडीच्या दिवशी जोडीनं रानोमाळ हिंडावं आणि धन शोधावं, हा छंद आपल्याकडं लागावा, असं माझं म्हणणं आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग काय म्हणायचं ते म्हणा.

अंधारातलं धन

१९७२ साल आठवा. ज्यांना आठवत नसेल त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दुष्काळाचं साल. त्याच साली परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं, म्हणजे शास्त्र आपल्या बांधापर्यंत आलं. आणि त्याच साली मानवतला खुनांची मालिका सुरू झाली. १९७४ पर्यंत एकामागून एक मुडदे पडले. बळी गेल्या त्या बहुतेक बायका आणि अजाण मुली. गुप्तधनासाठी दिलेले हे नरबळी, असं तपासात पुढं आलं. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नावाजलेला पोलीस अधिकारी मुंबईहून तपासाला यावा लागला. २०२४ साली त्यावर मालिका निघाली आणि नव्या पोरांना मानवत हे नाव पुन्हा त्याच कारणानं कळलं. चांगल्या कापसाच्या बाजारपेठेचं हे गाव, पण बाहेरच्या जिल्ह्यात नाव काढलं की लोक आधी तेच विचारतात. लोभ दोन-चार जणांचा, आणि डाग सगळ्या जिल्ह्याला.

त्यानंतर कायदा आला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तेव्हा कुठं सरकार हललं आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. जामीन सहजी मिळत नाही. पण कायद्यानं लोभ जात नाही. आजही रात्री-अपरात्री कुदळी चालतात आणि सकाळी देवळामागं खड्डा, हळदकुंकू आणि लिंबं दिसतात. पोलीस पाटलांना हे मी सांगायला नको.

लांबचं कशाला, आमच्या नात्यातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून नांदती आहेत. एका गृहस्थाच्या डोक्यात कुणी बाबानं भरवलं की तुमच्या घरामागं, मारुतीच्या अंगाला सोनं आहे. पहिल्यांदा एकवीस नारळ झाले. मग काळी कोंबडी झाली. मग पूजेचं सामान म्हणून पैसे. दोन एकर काळं रान विकलं, सोन्यासारखं पिकणारं. शेवटी बाबा म्हणाला, अमावस्येला घरच्या लक्ष्मीला पूजेला बसवावं लागेल, एकटीला. ती माउली शहाणी. लेकरं उचलली आणि त्याच दिवशी एसटीनं माहेर गाठलं. तिच्या त्या एका 'नाही' म्हणण्यानं काय टळलं, ते देवाला ठाऊक.

सोनं निघालं नाही. बाबा गेला तो गेलाच. खणताना मारुतीजवळचा एक जुना कोरीव दगड आडवा आला, तो पहारीनं फोडला आणि दोन तुकडे करून नाल्याकडं ढकलून दिला. दोन एकर गेले आणि दगडही गेला.

तो दगड

पुढं काही वर्षांनी त्याच गावात लग्नाला गेलो होतो. आमच्या मंडळी हातपंपावर हात धुवायला गेल्या आणि मला हाक आली, "अहो, इकडं या जरा. हा दगड बघा." एक बाई त्यावर धुणं आपटत होती. मंडळींनी पाणी मारून शेवाळ पुसलं, तर वरच्या अंगाला चंद्र आणि सूर्य, त्याखाली शिवलिंग आणि हात जोडून बसलेला माणूस. धुणं धुणारी बाई म्हणाली, "तो व्हय? कव्हाचा पडलाय इथं. धुणं लय चांगलं निघतंय त्याच्यावर."

तो वीरगळाचा वरचा तुकडा होता. वीरगळ म्हणजे गावासाठी लढून मेलेल्या माणसाची आठवण. आपल्या गावोगावच्या मारुतीसमोर शेंदूर फासलेले असे दगड असतात. आपण त्यांना देव समजून नारळ फोडतो, पण वाचत नाही. वाचायला अक्षरं लागत नाहीत. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा सोबत गाई, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी झुंज देताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सगळ्यात वर तो शिवाची पूजा करतो. चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत त्याचं नाव राहील. दगडावर बांगड्या भरलेला नुसता हात कोरलेला असेल, तर तो सतीचा. गाढव कोरलेलं असेल, तर ती दानाची जमीन बळकावणाऱ्याला दिलेली शिवी. जमिनीची भांडणं किती जुनी आहेत बघा!

ज्या दगडापायी दोन एकर मोडले, त्या दगडातच त्या गावचं धन होतं. तेव्हापासून आम्हा दोघांना हा नाद लागला. महिन्यातून एखाद्या रविवारी भाकरी बांधून घ्यायची, गाडीवर निघायचं, एक गाव धरायचं आणि पायी हिंडायचं. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, "यांना काही उद्योग राहिला नाही." आता तेच लोक फोन करून सांगतात, आमच्या बांधावर काय आहे ते बघून जा.

उघड्यावरचं धन

आपल्या जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. जिंतूर तालुक्यात चारठाणा घ्या. तिथली देवळं, कोरीव स्तंभ आणि बारव बघायला लांबून माणसं येतात, आणि आपण तिथून ऊस भरून नुसते पुढं जातो. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. गंगाखेड तालुक्यात धारासूरला गोदाकाठी गुप्तेश्वराचं देऊळ आहे. नाव गुप्तेश्वर, पण भिंतीवरची एकेक मूर्ती दिवसाढवळ्या समोर उभी आहे. सेलू तालुक्यात वालूरची बारव बघा. पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत खाली जातात. ती गाळानं आणि कचऱ्यानं भरली होती. गावच्या पोरांनी श्रमदान करून ती मोकळी केली. त्यांनीही खणलंच की! पण दिवसा खणलं, सगळ्यांनी मिळून खणलं, आणि निघालं ते सगळ्या गावाचं झालं.

आता शेतातलं. आपण गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतो आणि रानाला काळी. पांढरीची माती आपल्या वाडवडिलांनी माळवदावर टाकायला आणि खत म्हणून रानात पसरायला गाड्या भरभरून नेली. त्या मातीबरोबर जुन्या लोकांची खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे, कधी एखादं नाणं काळ्या रानात आलं. म्हणून उन्हाळी नांगरट झाल्यावर मृगाच्या पहिल्या पावसात माती बसली की वर काय काय चमकतं. हे कुणाला दिसतं? खुरपणाऱ्या बाईला. दिवसभर जिची नजर जमिनीवर, तिच्याइतकी शोधक नजर कुणाची? म्हणून हा छंद जोडीचा आहे म्हणतो. पुरुषाला शिवार ठाऊक असतं, बाईला माती.

काळ्या खडकाच्या पोकळीत गारगोट्या आणि अकीक सापडतात, त्याही नुसत्या दगड म्हणून बांधावर फेकू नका. तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. पोराला हातात देऊन तेवढं सांगा. आणि जुन्या घराची भिंत पाडताना हाली शिक्क्याचा एखादा रुपया निघाला तर म्हाताऱ्यांना बोलतं करा. निजामाचं हे नाणं मुक्तीनंतरही १९५९ पर्यंत आपल्याकडं होतं. गावात बँक नव्हती, रझाकारांचा धाक होता, माणसानं पैसा भिंतीत नाही ठेवायचा तर कुठं? हंड्याच्या गोष्टीतलं खरं असतं ते एवढंच. भ्यालेल्या माणसानं लपवलेली पुंजी.

दुसरीकडं काय झालं

आपल्याच मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. रामलिंगप्पा लामतुरे नावाचे तिथले गृहस्थ. पावसानं धुऊन निघालेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं वेचल्या, जपल्या आणि पुढं तो ठेवा सरकारच्या हवाली झाला. आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तिथं उभं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या तेरचा व्यापार रोमपर्यंत होता, हे त्या खापरांनी आणि मण्यांनी जगाला सांगितलं. अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल माणसाला झुडपाची मुळं खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. वजन साठ किलोच्या वर. त्यात बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस. हजारो वर्षांपूर्वीची ती बैलजोडी आज देशाच्या ठेव्यात मोजतात. मोडीच्या भावानं तांबटाकडं गेली असती, तर आपल्याला कळलंही नसतं.

परदेशातही बघा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०१३ साली एक जोडपं आपल्याच जमिनीत कुत्र्याला फिरवत होतं. रोजची वाट. त्या दिवशी मातीतून गंजलेल्या डब्याची कड वर आलेली दिसली. असे आठ डबे निघाले, सोन्याची १,४२७ नाणी. इंग्लंडात १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं एरिक लॉज या मित्राला यंत्र घेऊन शोधायला बोलावलं. यंत्र वाजलं ते रोमन काळातल्या ठेव्यावर. सोन्या-चांदीची पंधरा हजारांच्या आसपास नाणी. लॉज यांनी काय केलं? थोडंसं निघताच हात थांबवला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी येऊन रीतीनं खणलं. लॉज यांना साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तोसुद्धा आता लंडनच्या संग्रहालयात आहे!

पण हे वाचून यंत्र विकत घ्यायला धावू नका. असं सोनं लाखात एखाद्याला सापडतं. बाकीच्यांना काय मिळतं, ते महत्त्वाचं. मे २००० पासून जगभर एक खेळ सुरू झाला आहे. कुणीतरी एक डबी रानात ठेवतो, उपग्रहावरून तिचा पत्ता देतो, आणि जोडपी, पोरंबाळं मोबाईल घेऊन ती शोधायला निघतात. डबीत सोनं नसतं, एक वही असते. सही करायची आणि डबी जागेवर ठेवायची. लोक मैलोन्मैल चालतात ते त्या सहीसाठी. आपल्याकडं नवरा-बायको जोडीनं घराबाहेर पडतात ते कशासाठी? लग्न, मयत, बाजार, दवाखाना आणि पंढरपूर. शेतात जोडीनं राबतात, पण तिथं बोलणं निघतं ते खताचं आणि कर्जाचं. दोघांनी मिळून तिसरंच काहीतरी बघावं, त्यावर भांडावं, हसावं, ही सवड आपण स्वतःला देतच नाही.

कायदा भिण्यासाठी नाही

"सापडलं आणि सांगितलं, तर सरकार जमीन घेतं," हा समज घरोघर आहे. म्हणून सापडलेलं दाबलं जातं, नाही तर रातोरात सोनाराकडं वितळतं. तेव्हा कायदा काय म्हणतो ते ऐका. भूमिगत निधीचा कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत लपलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय, किती, कुठं आणि कधी सापडलं ते लिहायचं. मग सरकार जाहीर नोटीस काढतं, कुणाचा हक्क असेल त्यानं चार ते सहा महिन्यांनंतरच्या ठरल्या तारखेला यावं म्हणून. धनी निघाला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. जमीन दुसऱ्याची असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि चौथा जमीनमालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर तिच्या धातूची किंमत आणि वर एक पंचमांश द्यावा लागतो. लपवलं मात्र, तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपुढची मूर्ती किंवा नाणं असेल, तर त्याला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर तर ती नेताच येत नाही.

या कायद्यात वेळ जातो, कागद फिरतात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. (तुमच्या पाट्यांवरची नावं आता बदलली, पण गाव तुम्हाला याच नावानं हाक मारणार.) कुणी शेतकरी खापर नाही तर नाणं घेऊन आला, तर त्याला आरोपीसारखं उभं करू नका. बसवा, पाणी द्या, पंचनामा करा, पोच द्या. एकाला मान मिळाला तर दहा जण येतील. एकाला हेलपाटे पडले तर पुढची शंभर वर्षं त्या गावात कुणी तोंड उघडणार नाही.

निघायचं असेल तर

दोघांनी निघा आणि घरी कुठं चाललो ते सांगून निघा. दुसऱ्याच्या रानात धन्याला विचारूनच पाय ठेवा. वही, मोजपट्टी, पाणी आणि मोबाईल पुरे. कुदळ घरी ठेवा. खणायचं नाही, हा या छंदाचा पहिला नियम. वर दिसेल ते बघायचं, फोटो काढायचा, जागा लिहायची. देवळातलं, बारवेतलं काही उचलायचं नाही. कोरीव अक्षरांवर चुना किंवा तेल चोळायचं नाही, खिळ्यानं खरवडायचं नाही. उजेड तिरपा असताना, म्हणजे सकाळी किंवा सांजच्याला, पुसट अक्षरं आपोआप दिसतात. पडक्या बारवेत आणि गढीत साप-विंचू असतात, भिंती ढासळतात, काठी असू द्या. उन्हाळ्यात गंगेचं पात्र उघडं पडतं तेव्हा बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण वाळू उपशाचे खड्डे फार वाईट. पाण्याखाली ते दिसत नाहीत. पाण्यात उतरूच नका.

सरपंचांनी एक करावं. ग्रामपंचायतीत एक जाड वही ठेवावी. गावातले वीरगळ, सतीचे दगड, बारवा, शिलालेख, गढी, सगळं त्यात लिहून घ्यावं, सोबत फोटो चिकटवावा. खर्च शंभर रुपयांचा. वहीत नोंद असलेला दगड रात्रीतून नाहीसा झाला, तर निदान कळेल तरी. आणि १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर शाळेच्या पोरांना चिठ्ठ्या देऊन गावातल्या गावात खजिना शोधायला लावावं. एक चिठ्ठी बारवेवर, एक वीरगळापाशी, एक मुक्तिसंग्राम बघितलेल्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर. हंड्याच्या गोष्टीपेक्षा ती गोष्ट पोरांच्या जास्त लक्षात राहील.

आणि तुमच्या दारी कुणी पायाळू नाही तर बाबा आला, घरच्या बाईला किंवा लेकराला पूजेला बसवा म्हणाला, तर सरळ पोलीस ठाणं गाठा. अशा तक्रारींसाठी या कायद्यात दक्षता अधिकारी नेमलेला आहे. लाज वाटायचं कारण नाही. आमच्या नात्यातली ती माउली लाजली असती, तर आज काय लिहावं लागलं असतं!

तो हातपंपावरचा दगड आता मारुतीसमोर उभा आहे. पोरांनी ओटा बांधून बसवला. ज्यांनी तो फोडला, त्या गृहस्थांनी सिमेंटची गोणी आपल्या पैशानं आणून टाकली, काही बोलले नाहीत. खालचा तुकडा मात्र अजून सापडलेला नाही. त्यात तो वीर कुणाशी लढला, गाई होत्या का, ते कोरलेलं असणार. नाल्याच्या काठानं आम्ही दोघं तीन वेळा हिंडलो. यंदा नाला आटला की पुन्हा जाणार आहोत.